उसना निंब

हेमराज नगरपालिकेत गेला होता नळ मागायला, आणि परत आला तो झाड लावायचा हुकूम घेऊन. साल अठ्ठ्याण्णव, महिना एप्रिल. गाव वर्धा जिल्ह्यातलं. नगरपालिका असावी इतपत मोठं, आणि तिथला शिपाई कोणत्या टपरीवर सापडेल हे सगळ्यांना ठाऊक असावं इतपत लहान. नाव सांगत नाही. हेमराजचं बांगड्या-कटलरीचं दुकान अजून तिथंच आहे आणि त्याला त्याच गावात म्हातारं व्हायचं आहे.

पाणीपुरवठ्याच्या खिडकीत पुंडलिकराव नावाचे बाबू बसत. स्वभावानं गरीब माणूस. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. ते 'उद्या येजा' म्हणत. त्या दिवशी मात्र त्यांनी हेमराजला आत बोलावून खुर्ची दिली. कचेरीत खुर्ची मिळाली की काम लांबलं, हे त्याला अनुभवानं कळत होतं.

"नवा ठराव झाला हेमराजभाऊ," पुंडलिकराव म्हणाले. "नव्या लेआउटात ज्याच्या दारात झाड, त्यालेच नळ. जितं झाड पायजे. अन् छातीइतकं उंच."

"पण साहेब, पाणीच नसन तं झाड जगन कसं?"

पुंडलिकरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि समोरचा ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. "ते ठरावात नाई," ते म्हणाले.

ठरावामागचा हेतू चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. वाईट हेतूच्या ठरावातून माणूस कसाबसा निसटतो, चांगल्या हेतूच्या ठरावातून सुटका नसते. नवे मुख्याधिकारी तरुण होते आणि त्यांना गावात सावली हवी होती. त्यात चूक काहीच नव्हती. हेमराजनं जिथं घर बांधलं तिथं आधी कपाशीचं वावर होतं. धुऱ्यावर बाभळी, बोरी आणि आंब्याची दोन जुनी झाडं. प्लॉट पाडणाऱ्यानं पहिल्यांदा ती झाडं पाडली, मग हद्दीचे दगड रोवले आणि मग या नव्या वस्तीला, म्हणजे लेआउटला, 'हरितनगर' असं नाव दिलं. मे महिन्यात तिथं सावली असे ती फक्त विजेच्या खांबाची, आणि तिच्यावर कुत्र्यांचा ताबा असे.

झाड लावायचं ठरलं म्हटल्यावर सल्ले आले. शेजारचे मोतीलाल बाजार समितीत कापसाची दलाली करत आणि उरलेल्या वेळात सगळ्या विषयांवर मत देत. ते म्हणाले, सुबाभूळ लावा, लवकर वाढते. समोरचे मास्तर म्हणाले, अशोक लावा, शोभिवंत असतो. हेमराजची बायको सुलोचनाबाई म्हणाली, लावायचंच आहे तर कढीपत्ता लावा, निदान वरणात तरी पडेल. कढीपत्ता छातीपर्यंत यायला किती वर्षं लागतील असं हेमराजनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या नळापेक्षा लवकर येईन."

शेवटी समुद्रपूरकडच्या एका रोपवाटिकेत छातीइतका कडुनिंब मिळतो अशी बातमी लागली. हेमराज दुकान बंद ठेवून गेला आणि एस.टी.नं निंब घेऊन आला. कंडक्टरनं झाडाकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं आणि अर्धं तिकीट फाडलं. हेमराजनं कारण विचारलं. "सामान असतं तं टपावर टाकलं असतं," कंडक्टर म्हणाला, "हे तं बसून राह्यलं." गिरडच्या दर्ग्याहून परतणारी एक म्हातारी वाटभर झाडाला हातानं धरून बसली होती, एवढा मात्र आधार झाला. एका गृहस्थानं दातणासाठी फांदी मागितली. एकूण फांद्याच चार होत्या, म्हणून हेमराजनं त्याला नम्रपणे नकार दिला, आणि तो गृहस्थ उतरेपर्यंत सगळ्या गाडीला माणुसकी कशी उरली नाही ते सांगत होता.

आता खड्डा. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा वरून वाटतं, भेग आहेच, थोडं खणलं की झालं. हेमराजनं दोनदा कुदळ मारली. पहिल्यांदा हाताला झिणझिण्या आल्या, दुसऱ्यांदा दांडा मोडला. शिवाय लेआउटात बकऱ्या मोकाट फिरत. सुलोचनाबाईनं तोडगा काढला. तेलाचा रिकामा पिपा होता, त्यात माती भरून निंब लावायचा. दिवसा दारात, रात्री घरात. पाणी आलं की मग जमिनीत.

पिप्यावर तिनं तांबड्या ऑइलपेंटनं 'सौ. सुलोचना' असं नाव घातलं. ही तिची सवयच होती. तिच्या घरातल्या प्रत्येक ताटावर, वाटीवर, परातीवर नाव कोरलेलं होतं, कारण भांडी चार घरी जातात आणि नाव नसलेलं भांडं कधी माहेरी परतत नाही, असा तिचा अनुभव होता. झाड कुठं जाणार आहे, असं हेमराज हसत म्हणाला. पुढं त्याला हे हसणं बरेच दिवस आठवत राहिलं.

पाण्यासाठी हेमराज आंघोळ परातीत बसून करू लागला. ते पाणी झाडाला. साबणानं मुळं जळतात असं मोतीलालनं सांगितल्यामुळे महिनाभर साबण बंद. मे महिना होता. बांगड्या भरायला येणाऱ्या बायका हात लांब करून, मान दुसरीकडे वळवून बसू लागल्या. पण निंब जगला. हेमराज सकाळी उठून आधी त्याच्याकडे जाई, एकेक पान उलटं करून पाही. इतक्या निगुतीनं त्यानं आयुष्यात कशाकडेच पाहिलं नव्हतं, असं सुलोचनाबाईचं म्हणणं होतं, आणि त्यात थोडी तक्रारही होती.

पुंडलिकराव स्कूटरवरून तपासणीला आले. छातीइतकं म्हणजे कुणाच्या छातीइतकं, हे ठरावात नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचीच छाती झाडाला लावून पाहिली. पुंडलिकराव बुटके होते, हे हेमराजचं नशीब. पंधरवड्यात नळ आला. पहिल्या दिवशी नळातून आधी हवा आली, मग एक झुरळ, आणि मग पाणी. हेमराजनं साबण लावून आंघोळ केली आणि कुदळीला नवा दांडा बसवून आणला. पहिला पाऊस पडला की निंब जमिनीत लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

तेवढ्यात मोतीलाल आले. "हेमराजभाऊ, एका दिवसासाठी झाड देता का?"

हेमराजला वाटलं ते गंमत करताहेत. "उद्या पुंडलिकराव येऊन राह्यले माह्याकडे," मोतीलाल म्हणाले. "संध्याकाळी आणून देतो. तुमची शिडी नेली होती तेव्हा नाई का परत केली?"

शिडी खरोखर परत केली होती. हरितनगरात शिडी, पाळणा, शेवेचा सोऱ्या, पाहुण्यांसाठी खाट या वस्तू कुणा एकाच्या नसत. शेजाऱ्यानं मागितली आणि आपण नाही म्हटलं असं तिथं घडत नसे. नाही म्हणणारा माणूस उद्या आजारी पडला तर त्याला दवाखान्यात कोण नेणार? आणि नळ येईपर्यंत हेमराजच्या घरी प्यायचं पाणी मोतीलालनं टँकरवरून भरलेल्या ड्रममधून आलं होतं. हेमराज काही बोलायच्या आत सुलोचनाबाईनं पिपा पुसून दिला. "उन्हात ठेवू नका," एवढंच हेमराजला म्हणता आलं.

मोतीलालकडे नळ आल्यावर मास्तर आले. मास्तरांनंतर त्यांचा भाडेकरू, मग पोस्टातले, मग ज्यांचं घर अजून पायापर्यंतच आलं होतं तेही. निंबाचे नंबर लागले. ज्याच्याकडे तपासणी, त्याच्याकडे आदल्या संध्याकाळी हातगाडीवरून पिपा जाई. लग्नाची वरात निघते तशी वाजतगाजत नव्हे, गुपचूप जाई, पण जाई मात्र नेमानं.

एकदा पुंडलिकरावांनी कहर केला. स्कूटरच्या पेट्रोलवर कुणीतरी बोट ठेवलं, म्हणून त्यांनी एका दिवसात सगळी मधली ओळ तपासायचं ठरवलं. लोकांनी उपाय काढला. प्रत्येक घरी पुंडलिकरावांना आग्रहानं चहा पाजायचा, आणि ते बशी फुंकत असेपर्यंत मागच्या दारानं निंब पुढच्या घरी. हेमराज पिप्यासोबत मागच्या बाजूनं धावत होता. झाड त्याचं, त्यामुळे ओझ्याचा मानही त्याचाच. चौथ्या घरी पुंडलिकराव थबकले.

"हे झाड मी कुठीतरी पाह्यलं."

"सगळे निंब सारखेच दिसते साहेब," त्यांच्यासोबत फिरणारे मोतीलाल म्हणाले.

पाचव्या घरी घाईत पिप्याची नावाची बाजू पुढं आली. पुंडलिकरावांनी वाचलं. घर पोस्टातल्या ओमप्रकाशचं आणि त्याच्या बायकोचं नाव कोकिळा. "हे सुलोचना कोण?"

ओमप्रकाश क्षणभरही अडखळला नाही. "झाडाचं नाव आहे साहेब. नाव ठेवलं की जीव लागते."

पुंडलिकरावांना हे फार आवडलं. कडुनिंबासारख्या झाडाला सौभाग्यवती का केलं, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सही केली. त्या दिवशी त्यांना नऊ चहा झाले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागली. हेमराजची कंबर धरली ती दिवाळीपर्यंत सुटली नाही.

पावसाळा आला आणि गेला. हेमराज दर आठवड्याला म्हणे, आता लावतो. दर आठवड्याला कुणीतरी उंबऱ्यात येऊन उभं राही, "भाऊ, तेवढा माह्या नंबर होऊ द्या." त्याला नाही म्हणता येत नसे, आणि म्हणता येत नाही याचा त्याला रागही येई, पण तो राग घरात येऊन सुलोचनाबाईवर निघे आणि तिथं तो टिकत नसे. संध्याकाळी दुकान बंद केलं की तो झाड कुणाकडे आहे ते शोधत जाई. "पाणी देलं का?" त्यावर उत्तर ठरलेलं. "आमच्याकडे तं एकच दिवस होतं. काल ज्याच्याकडे होतं त्यानं देलं असन." काल ज्याच्याकडे होतं त्याला वाटे, उद्याचा देईल. एव्हाना जवळजवळ सगळ्या घरांना निंबाच्या पुण्याईनं नळ आले होते आणि साऱ्या हरितनगरात तहानलेला असा तो निंबच उरला होता. पानं पिवळी पडत चालली. पिप्याच्या तळाच्या भोकातून मूळ बाहेर येऊन वाळलं होतं. हेमराजला ते पाहवत नसे.

मध्ये त्यानं एक शहाणपणा केला. लेआउटाच्या खुल्या जागेत नगरपालिकेनंच चार झाडं लावावीत, म्हणजे सगळ्यांचंच भागेल, असा अर्ज घेऊन तो खिडकीशी गेला. पुंडलिकरावांनी अर्ज वाचला आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. "तुमचा लेआउट गावात एक नंबर आहे भाऊ. घरोघरी निंब. बाकीच्या लेआउटांत काडी नाई. रोपं त्यांले द्यायची का तुमाले? तुम्हीच सांगा." हेमराज अर्ज घेऊन परत आला.

फाल्गुनात शेवटचा नंबर लागला धुरपताबाईचा. लेआउटाच्या टोकाला तिची दोन खोल्यांची जागा. एकटी बाई, बाजारात मिरची-लसूण घेऊन बसे आणि पाणी लांबच्या बोअरिंगवरून डोक्यावर आणे. पिप्याचं प्रकरण तिला नीट कुणी सांगितलंच नव्हतं. मोतीलालनं आदल्या संध्याकाळी हातगाडी तिच्या दारात उभी केली आणि घाईत म्हटलं, "मावशी, नगरपालिकेले दारात झाड पायजे. हे घ्या."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. संध्याकाळी हेमराज पिपा आणायला गेला. हा शेवटचा फेरा. उद्या कुदळ घ्यायची, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. धुरपताबाईच्या दारात निंब होता. पिपा नव्हता. निंब जमिनीत उभा होता, बुडाशी नीट आळं केलेलं, आणि उभा फाडून सपाट केलेला पिपा बकऱ्यांच्या बाजूनं आडोशाला रोवलेला.

"मावशी, हे काय केलं?"

"झाड लावलं," धुरपताबाई म्हणाली. "दारात पायजे म्हणे न? जमीन लय कडक. रातच्यानं दोन हंडे वतले, तवा कुठी भिजली."

बोअरिंगवरून आणलेले दोन हंडे. तरी हेमराज म्हणाला, "मावशी, हे झाड माह्यं आहे."

"हो का?" तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मंग इतके दिवस काऊन नाई लावलं?"

हेमराजकडे या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं होती. दांडा मोडला होता, बकऱ्या होत्या, मोतीलाल होते, ठराव होता. तो तसाच घरी आला. सुलोचनाबाईनं पिप्याचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला की पिपा आता येत नाही. रात्री जेवण गेलं नाही.

गोष्ट इथंच संपली असती, तर हेमराजचा तो उन्हाळा सुखात गेला असता. पण चैत्रात नागपूरहून पथक येणार अशी वर्दी आली. मुख्याधिकाऱ्यांनी गावाचं नाव कसल्याशा हरित-बक्षिसासाठी पाठवलं होतं आणि पथक हरितनगरच पाहणार होतं. ज्याच्या दारात झाड दिसणार नाही त्याचा नळ कापायचा, असाही निरोप होता. बैठक हेमराजच्या ओसरीवर भरली, कारण झाड त्याचं.

"घाबराचं काम नाई," मोतीलाल म्हणाले. "पथक आलं तरी चहा तं पिईनच. मागच्या दारानं फिरवू. नवा पिपा मी देतो. झाड काढून आणा."

"बुढीच्या दारातून?"

"तिले नळ भेटला. आता तिले झाडाचं काय काम?"

सगळ्यांना हे पटलं. हेमराजच्याही नळाचा प्रश्न होता. दुपारी धुरपताबाई बाजारात गेल्याची खात्री करून तो आणि मोतीलाल निघाले. हेमराजच्या खांद्यावर नव्या दांड्याची कुदळ, मोतीलालच्या हातात पिपा.

निंबाला पालवी आली होती. तांबूस, लुसलुशीत, शेंड्यापासून खालपर्यंत. हेमराजनं हे झाड आंघोळीच्या पाण्यावर जगवलं, वर्षभर कडेवर घेतल्यासारखं घरोघरी नेलं, पण त्याला नवी पानं आलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. त्यानं एक पान उलटं करून पाहिलं. मग कुदळ जमिनीवर ठेवली.

"मले नाई होत," तो म्हणाला.

"सरका. मी काढतो."

आणि इथं हेमराजला, कुठून कोण जाणे, कायदा सुचला. "हात नका लावू मोतीलालजी. जमिनीतलं झाड आहे. काढाले नगरपालिकेची परवानगी लागते."

मोतीलालला हे पटलं नाही. पण माणूस व्यवहारी. जोखीम नको म्हणून ते तडक पुंडलिकरावांकडे गेले. पुंडलिकराव म्हणाले, हो, लागते. अर्ज करावा लागतो, मग पाहणी होते, मग झाडावर नोटीस चिकटवतात, कुणाची हरकत आहे का ते पाहतात. मोतीलालनं विचारलं, हे सगळं पथक येण्याआधी होईल का. पुंडलिकराव म्हणाले, "उद्या येजा." त्या कचेरीच्या संथपणानं आजवर हेमराजचं आयुष्य पोखरलं होतं. त्या दिवशी त्यानं मनातल्या मनात त्याच संथपणाचे पाय धरले.

पथक आलं. पथकानं चहा घेतला नाही. एका तासात सगळा लेआउट पायी फिरून त्यांनी एक झाड मोजलं. मुख्याधिकाऱ्यांचा चेहरा पाहून हेमराजला त्यांची दया आली. बिचाऱ्यानं सावलीच मागितली होती. बक्षीस गेलं. पुंडलिकरावांची बदली जन्ममृत्यू नोंदणीत झाली. आणि नळ कापणं घर नंबर एकपासून सुरू झालं. घर नंबर एक हेमराजचं. दारात झाड आढळले नाही, असं लेखी कारण देऊन त्याचा नळ सगळ्यात आधी कापला. मोतीलालनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मास्तरांनी ओळख टाकली. सुलोचनाबाई बोलत होती, पण ते न बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं.

हेमराजनं मुख्याधिकाऱ्यांना गाठून एवढंच सांगितलं, की साहेब, आधी पाणी द्या, मग वर्षानं येऊन झाड मोजा, नसेल तर नळ खुशाल कापा. साहेब म्हणाले, सूचना चांगली आहे, अर्ज द्या. अर्ज दिला. ठराव तसा बदललाही, पण पुढच्या वर्षी. मधला उन्हाळा काढायचाच होता.

आणि सगळ्या हरितनगरात नळ उरला एकच, धुरपताबाईचा. सकाळी पाणी यायच्या आधी तिच्या दारात रांग लागे. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त एक नेम घातला. पहिला लोटा निंबाला, मग आपला हंडा. ती दारात मिरच्यांची देठं खुडत बसे आणि एका डोळ्यानं रांगेवर लक्ष ठेवी. मास्तर, ओमप्रकाश, कोकिळाबाई, सगळे मुकाट्यानं वाकून लोटा ओतत आणि मग हंडा भरत.

हेमराज दोन दिवस गेला नाही. ज्या झाडामुळे सगळ्या लेआउटाला नळ मिळाले त्या झाडाच्या मालकानं त्याच झाडाच्या दारात हंडा घेऊन उभं राहायचं, हे त्याला सहन होईना. तिसऱ्या दिवशी सुलोचनाबाईनं हंडा त्याच्या पुढ्यात आदळला. तो जाऊन रांगेत उभा राहिला, आणि त्याच्या मागं नेमके मोतीलाल येऊन थांबले. मोतीलाल आभाळाकडे पाहत होते.

त्याचा नंबर आला. त्यानं लोटा भरला, आळ्यात ओतला. पाणी मातीत जिरताना तो पाहत राहिला, आणि त्याला बरं वाटलं. मग त्यानं हंडा नळाखाली धरला.

"थांबा भाऊ," धुरपताबाई मिरचीवरून नजर न काढता म्हणाली. "तुम्ही दोन वता."

"मी काऊन दोन?" हेमराजनं विचारलं. एव्हाना त्याला रागही येत नव्हता.

"बाकीच्यांकडे एक एक दिवस होतं म्हणते. तुमच्याकडे लय दिवस होतं. मागचं बाकी आहे त्याचं तुमच्याकडे."

हेमराजनं हंडा बाजूला सरकवला आणि दुसरा लोटा भरून ओतला. मोतीलाल कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलले. "हात चालवा हेमराजभाऊ," ते म्हणाले, "नळ जाते."